पालोराची फाईल

अभयने 'स्थिर' हा शब्द खोडला, त्या जागी 'नकारात्मक' घातलं आणि लॅपटॉप अर्धा मिटला. रविवारची सकाळ होती. सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागातल्या त्या कॉन्डोमध्ये साधना ओट्यापाशी उभी राहून पोह्यांवर खोबरं भुरभुरत होती आणि मधूनच नवऱ्याकडे बघत होती.

"शुक्रवारी तर स्थिर होतं," ती म्हणाली.

"तू माझे रिपोर्ट कधीपासून वाचायला लागलीस?"

"वाचत कशाला बसू? तीन आठवडे जेवताना ऐकतेच आहे. तो नवा अध्यक्ष कसा साधा, कसा खरं बोलतो. कान किटले माझे."

अभय एका पतमानांकन संस्थेत होता. कोणत्या देशाला खुशाल कर्ज द्यावं आणि कोणाला देताना दहादा विचार करावा, हे मोठमोठ्या बँका असल्या संस्थांना विचारून ठरवतात. पालोरा नावाचा बेटांचा एक चिमुकला देश कित्येक वर्षं अभयच्याच टेबलावर होता. जुन्या अध्यक्षाने तिथली तिजोरी धुऊन नेली, पेट्रोलला रांगा लागल्या, दवाखान्यांतली औषधं संपली, आणि शेवटी लोकांनीच त्याला घरी बसवलं. आता सगळी हयात बंदरावर इंजिनिअर म्हणून काढलेला एक माणूस निवडून आला होता. पहिल्याच भाषणात त्याने सांगून टाकलं होतं, माझ्याकडे जादू नाही, दोन वर्षं हाल आहेत, पण आकडे मी खरे सांगेन. असली माणसं अभयला आवडत. म्हणून त्याने 'स्थिर' लिहिलं होतं. म्हणजे याला जरा वेळ द्या, हा गाडी रुळावर आणेल.

मग शनिवार उजाडला आणि गार्गीने सांगितलं.

गार्गी त्यांची एकुलती एक, सिंगापूरमध्येच वाढलेली. नेलो नावाचा एक मुलगा तिच्या आयुष्यात आहे, हे घरात वर्षभर सगळ्यांना ठाऊक होतं. मित्र आहे तिचा, असं म्हणून अभयने तो विषय बाजूला सारला होता. नेलो पालोराचा, लहान मुलांचा डॉक्टर, इथेच शिकलेला. मुलगा गुणी आहे हे अभय स्वतःशी कबूल करत असे, पण त्याच्याशी फोनवर बोलायची वेळ आली की नेमकं याला अंघोळीला जायचं असे. नव्या अध्यक्षाने परदेशातल्या आपल्या लोकांना परत या म्हणून हाक घातली होती. नेलोच्या गावी मुलांचं हॉस्पिटल उभं राहणार होतं. नेलो निघाला होता, आणि लग्न करून गार्गीही त्याच्याबरोबर जाणार होती.

"अगं, तिथे दिवसातून चार-चार तास लाइट नसते," अभय म्हणाला होता.

"बाबा, तूच टीव्हीवर म्हणालास ना तो माणूस करून दाखवेल म्हणून? यू बिलीव्ह इन हिम."

"टीव्हीवर बोलणं वेगळं असतं."

"वेगळं कसं ला?" तिने सिंगापुरी 'ला' लावून विचारलं होतं. "खरं ते खरं."

त्या हॉस्पिटलसाठी जी बँक पैसे घालणार होती, ती याच रिपोर्टकडे डोळे लावून बसली होती. नकारात्मक आलं की ती हात आखडता घेणार, हॉस्पिटल लांबणीवर पडणार, नेलो इथेच राहणार. आणि गार्गीही. हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बरं, आकड्यांत त्याने काही खोटं केलेलं नव्हतं. पालोराकडे बघून स्थिर म्हणता येत होतं आणि नकारात्मकही म्हणता येत होतं. दोन्हीला पुरेशी कारणं होती. सगळी मेख तिथेच होती.

साधनाने पोह्यांची बशी त्याच्यासमोर ठेवली.

"गार्गीमुळे बदललंस?"

"आकड्यांमुळे."

"माझ्याकडे बघून सांग."

त्याने लिंबू पिळलं. साधना समोरची खुर्ची ओढून बसली. तिचे डोळे सुजलेले होते.

"तिने जावं असं मला तरी कुठे वाटतंय? रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. पण अडवायचंच आहे ना तिला, तर समोर बसव आणि नको जाऊस म्हण. रड, ओरड, काय वाटेल ते कर. बाप आहेस तिचा. हे असं मागून नको रे करूस."

"तुला त्यातलं काही कळत नाही," अभय म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला स्वतःची लाज वाटली. तरीही पोहे संपल्यावर त्याने नवा मसुदा ऑफिसात सगळ्यांना पाठवून दिला.

सोमवारी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात समिती बसली. या बैठकांची एक रीत होती. मोठ्यांच्या तोंडाकडे बघून धाकट्यांनी मत देऊ नये म्हणून आधी सगळ्यांत नवख्याने बोलायचं, मग चढत्या क्रमाने बाकीच्यांनी, आणि अध्यक्षस्थानी असलेल्या मिस लिम यांनी सर्वांत शेवटी. त्याहीआधी मिस लिम एक ठरलेला प्रश्न विचारत: या देशात कोणाचे काही हितसंबंध, कोणी जवळचं माणूस? सगळे कागदावरची नजरसुद्धा न हलवता 'नाही' म्हणत. देवापुढे हात जोडताना जसं आपोआप होतं, तसंच ते. अभयने इतक्या वर्षांत शेकडो वेळा 'नाही' म्हटलं होतं. आजही म्हटलं.

सगळ्यांत नवखी होती ऋचा, पुण्याहून आलेली. तिला पालोराचं ओ की ठो माहीत नव्हतं तेव्हापासून अभयने शिकवलं होतं. समोरच्या कागदांवर तिने शुक्रवारी पेन्सिलीने भरभरून टिपणं काढलेली होती.

"माझं मत स्थिर होतं," ती म्हणाली. "खरं तर मला त्याची अगदी खात्री होती. पण काल सरांचा नवा मसुदा आला. सर इतकी वर्षं हा देश बघताहेत, त्यांनी बदललं म्हणजे माझ्या नजरेतून काहीतरी सुटलं असणार. म्हणून मी नकारात्मक म्हणते."

पुढचा घोटभर पाणी प्यायला आणि तोही म्हणाला, "नकारात्मक. अभयला ठाऊक असेल."

अभयचे कान तापले. नवा अध्यक्ष तिकडे घसा कोरडा करून आपल्यावर विश्वास ठेवा म्हणत होता, आणि इथे एका खोलीत बसलेली पाच शहाणी माणसं अभयवर विश्वास ठेवत होती. मिस लिम यांनी तिसऱ्याकडे पाहिलं.

"थांबा," अभय म्हणाला. "मघाशी मी 'नाही' म्हणालो ते खरं नव्हतं."

त्याने समोरची फाईल मिटली.

"माझी मुलगी तिथल्या एका मुलाशी लग्न करतेय. ती तिथे राहायला चालली आहे."

"तुम्हाला हे कधी कळलं?" मिस लिम यांनी विचारलं. आवाज चढवलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला.

"शनिवारी."

"आणि नवा मसुदा रविवारचा."

"हो. तो धरू नका. शुक्रवारचाही धरायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

ऋचा त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. मिस लिम यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्हाला बाहेर जावं लागेल, अभय. फाईल दुसऱ्याकडे जाईल. झालं ते लेखी द्यावं लागेल आणि त्यावर वर काय म्हणतात ते बघावं लागेल."

"कल्पना आहे."

"आम्ही पहिल्यापासून सुरू करतो," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. "ऋचा, तुझं स्वतःचं मत सांग."

ते मत ऐकायला अभय थांबला नाही. दार लोटून तो पँट्रीत आला. खाली बाटाम बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटी सुटत होत्या, बॅगा ओढत माणसं धक्क्याकडे चालली होती. त्याने गार्गीला फोन लावला.

"बाबा? मीटिंग झाली?"

"चालू आहे. मी बाहेर आहे."

"का? व्हॉट हॅपन्ड?"

"नियम आहे आमचा. ज्याचं माणूस त्या देशात राहतं, त्याने त्या देशाबद्दल बोलायचं नाही."

"तुझं कोण राहतं तिथे?"

"तू."

"मी कुठे अजून गेले?" गार्गीचा आवाज बारीक झाला होता.

"जाणार आहेस ना? तसं सांगून आलो आत, सगळ्यांसमोर."

तिने नाक ओढलं. मग विचारलं, "पण रिपोर्टचं काय? हॉस्पिटलचं?"

"ते आता माझ्या हातात नाही. काय ठरलं ते तुला कळेल तेव्हाच मला कळेल. आणि हे बघ गार्गी, तू जावंस असं मला अजिबात वाटत नाही. जीव खालीवर होतोय माझा. हे शनिवारीच सांगायला हवं होतं."

"आय नो, बाबा."

"जायचं तर जा. मी अडवणार नाही." मग त्याने विचारलं, "नेलो आहे का जवळ?"

फोन हातोहात झाल्याचा आवाज आला. कोणीतरी काहीतरी कुजबुजलं.

"गुड मॉर्निंग, अंकल," नेलो म्हणाला. तोंडी परीक्षेला उभं केल्यासारखा त्याचा सूर होता.

त्याच्या देशाचे चार अर्थमंत्री अभयने पाहिले होते. आता ओठांवर असलेला प्रश्न त्याने त्या प्रत्येकाला विचारला होता, आणि प्रत्येकाने क्षणाचाही विलंब न लावता छातीठोक उत्तर दिलं होतं.

"मला एक सांग," अभय इंग्रजीत म्हणाला. "तुमच्या या नव्या माणसाला जमेल का हे? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

नेलोने बराच वेळ घेतला.

"माहीत नाही, अंकल," तो म्हणाला. "जमावं असं फार वाटतं. पण खरं सांगू? मला भीती वाटते. गार्गीला मी हे बोललेलो नाही."

अभयने पँट्रीतली खुर्ची ओढली आणि तो बसला.

"मलाही वाटते," तो म्हणाला. "तिला आज सांग. आणि मला सांग, घर कुठे बघितलंय तुम्ही?"