टाचमावशी

“टाचा खाली. मी पाहतेय हं.”

भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुलांच्या टाचा निमूट खाली आल्या. हात मोडून, प्लास्टर निघून, आखडलेला सांधा मोकळा करायला ही मंडळी इथे येत. बोटांनी मुंगीसारखं भिंतीवर चढायचं आणि पोचाल तिथे कागदी चांदणी चिकटवायची. चवड्यांवर उभं राहून उंची चोरायची मात्र नाही. त्यावरूनच फिजिओथेरपिस्ट बाईंचं नाव मुलांनी टाचमावशी ठेवलं होतं.

लाल फ्रॉकवाली तेवढी हात पोटाशी धरून बाकावर बसली होती.

“दुखतं,” ती म्हणाली.

“दुखणारच गं. इतके दिवस झोपला होता तो. उठवलं की कुरकुर करणारच.”

“तुम्हाला काय माहीत?”

 टाचमावशीला चांगलंच माहीत होतं. न्हाणीघरात घसरल्यापासून तिचा उजवा खांदा आखडला होता, आणि व्यायामासाठी जगाच्या मागे लागणारी ही बाई स्वतः घरी एक दिवस हात हलवील तर शपथ. दुखण्याला ती भीत नव्हती. हात वर गेलाच नाही तर, ही तिची भीती. तोल गेलेल्या पोराला धरता आलं नाही, तर इथे तिचं काय काम? म्हणून हात उंच करावा लागे ती सगळी कामं ती डाव्या हाताने उरकायची.

“आधी तुम्ही करा. मग मी.”

सगळी पोरं वळली. आता सुटका नव्हती.

तिने उजवा हात भिंतीला लावला. खांद्यापर्यंत ठीक चाललं, मग कळ आली आणि घाम फुटला. तरी बोटं पोरांच्या सगळ्यात खालच्या चांदणीपर्यंत चढली. तिचं तिलाच नवल वाटलं.

“मावशी,” लाल फ्रॉकवाली हळूच म्हणाली, “टाचा.”

कुणी हसलं नाही. टाचमावशीने खाली पाहिलं. आजवर पोरांना जिथे पकडलं, तिथेच ती स्वतः उभी होती. तिने टाचा टेकवल्या. हात घसरत त्या चांदणीच्या खाली आला. तिला फार वाईट वाटलं.

“चांदणी दे,” ती म्हणाली.

तिने ती तिथेच, सगळ्या पोरांच्या चांदण्यांखाली चिकटवली.

लाल फ्रॉकवाली उठून शेजारी आली. दोघींच्या टाचा टेकल्यात ना, हे तिने वाकून पाहिलं आणि मग दुखरा हात भिंतीला लावला.