‘भ’मधली फट

ऑफिसात तिला सगळे बाराखडीबाई म्हणत. ती अक्षरं घडवायची. अपासून ज्ञपर्यंत, काना-मात्रा-जोडाक्षरांसकट एका वळणाचा अख्खा संच. मागचा संच लहान मुलांच्या कपड्यांच्या जाहिरातीसाठी होता. जाडजूड, गुबगुबीत, कुठेही टोक नाही.

“अजून गोल कर. अजून जाड,” साहेब म्हणायचे. आठ महिने हेच चाललं. शेवटी त्यांची नजर ‘भ’वर गेली. ‘भ’ आणि ‘म’मध्ये फरक तो केवढा? ‘भ’च्या डोक्यावरची रेघ जरा तुटलेली असते, एवढाच.

“ही फट पडलेल्या दातासारखी दिसते. बुजव.”

‘ध’चा ‘घ’ होऊ नये म्हणून ती आधीच दोन दिवस भांडली होती. ‘भ’पर्यंत येईतो जीव मेटाकुटीला आला. तिने फट केसाएवढी ठेवली आणि म्हणाली, “घ्या. झालं तुमच्या मनासारखं.”

जाहिरातीनंतर ऑफिस तो संच इतरांनाही विकू लागलं. वर्षभराने धाकट्या बहिणीचा फोन आला. ती लहान मुलांच्या हॉस्पिटलात नर्स होती.

“ताई, आमच्याकडे नवे बोर्ड लागलेत. तुझीच अक्षरं आहेत.”

“बरं मग?”

“बरं कसलं डोंबलाचं! आत्ता एक आजोबा नातीला घेऊन आले, दारावरचा बोर्ड वाचला आणि आल्या पावली मागे फिरले. ‘रुग्ण मरती’ असं वाचलं त्यांनी! मी धावत जाऊन आणलं परत.”

“अगं, ‘भरती’ आहे ते!”

“मला काय सांगतेस? इथे दारात उभी राहा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांग.”

ती तडक गेली. निळ्या बोर्डावर पांढरी अक्षरं आतल्या दिव्याने उजळली होती. उजेड कडांबाहेर सांडत होता आणि केसाएवढी फट त्याने गिळून टाकली होती. तिने लांबून वाचलं. रुग्ण मरती.

ती अधीक्षकबाईंकडे गेली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “समितीने पसंत केलीत ही अक्षरं. मुलांना आवडतात. बदल हवा असेल तर त्या खिडकीवर अर्ज करा.”

खिडकीवर लिहिलं होतं, ‘अर्ज इथे मरा’.

तिने साहेबांना फोन लावला. “बोर्डवाल्याची चूक,” साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. बोर्डवाला तिथेच जिन्याखाली तारा जोडत बसला होता. “मला दिलं तसं मी कापलं,” तो म्हणाला. “मला काय स्वप्न पडलंय तुमचा ‘भ’ कुठे फाटतो त्याचं?”

तेवढ्यात वरून एक डॉक्टर तरातरा उतरले. “अक्षरंवाल्या बाई तुम्हीच का? जरा वर चला!” त्यांच्या दाराबाहेर आठ-दहा आया मुलांना घेऊन बसल्या होत्या. “तीन आठवडे झाले, ताप-खोकल्याची पोरं माझ्याकडे येताहेत. मी भूल देतो हो, भूल!”

तिने दारावरच्या बोर्डाकडे पाहिलं. भूलतज्ज्ञांचे मूलतज्ज्ञ झाले होते. तिला हसू फुटलं. हसू दाबतच ती वळली, तर समोरची एक आई खांद्यावर झोपलेलं लेकरू सावरत उठत होती.

“म्हणजे माझा नंबर इथे नाहीच? दोन तास झाले हो मला बसून.”

बाराखडीबाईचं हसू जागच्या जागी विरलं. ती त्या बाईला स्वतः तळमजल्यावर योग्य दाराशी सोडून आली. बहिणीला सांगून तिला आधी आत पाठवलं. मग बोर्डवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

“चूक माझी आहे. शिडी कुठाय? आणि ती निळी चिकटपट्टी दे.”

“बाई, पडाल.”

“पडले तर इथेच भरती करा.”

तो कपाळावर हात मारून स्वतःच शिडीवर चढला. ती खालून निळ्या पट्टीचे तुकडे कापून देत होती आणि ओरडत होती, “डावीकडे. अजून वर. अरे, फट बुजवायची नाही, दाखवायचीय!” एकेका ‘भ’च्या डोक्यावर निळा तुकडा बसू लागला. अकरा बोर्ड होते. सहाव्याला अधीक्षकबाई आल्या.

“कुणाच्या परवानगीने चाललंय हे?”

“हा वाचा,” तिने पट्टी लावलेला बोर्ड दाखवला. “आता तो वाचा.”

बाईंनी दोन्ही वाचले. ओठ घट्ट मिटले. “लवकर उरका,” म्हणाल्या आणि गेल्या.

ऑफिसात मात्र इतक्यावर भागलं नाही. ज्यांनी ज्यांनी हा संच घेतला त्या सगळ्यांना नवा ‘भ’ पाठवायचा, सोबत पत्र द्यायचं, असं तिने सांगितलं तेव्हा साहेबांचा पारा चढला.

“आपणच आपली अब्रू वेशीवर टांगायची?”

“फट तुम्ही बुजवायला सांगितलीत. पण अक्षर मी सोडलं. पत्र माझ्या सहीने जाईल.”

“कर काय करायचं ते!” साहेब दार आपटून निघून गेले आणि आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिला ते बरंच पडलं. कुणी ‘अजून गोल’ म्हणणारं नव्हतं. तिने ‘भ’ला बोटभर फट दिली, पत्र लिहिलं, पाठवून दिलं.

मग उरलेली सगळी अक्षरं मोठी छापून भिंतीवर लावली आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन, डोळे बारीक करून, एकेक वाचू लागली. क ठीक होता. पुढचं अक्षर तिने ‘रव’ असं वाचलं.

“अरे देवा,” ती म्हणाली. ‘ख’चा कागद भिंतीवरून ओढून काढला आणि परत कामाला बसली.