जावईबापूंचे परागकण

आत्या आमच्या केळी-संशोधन बागेची प्रमुख आणि मी, तिची भाची, तिच्या हाताखालची सूक्ष्मदर्शकवाली. आत्याला हवं होतं बी. चवीच्या केळीला रोगाशी टक्कर देणारी पोरं व्हावीत म्हणून ती वर्षानुवर्षं एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलाला लावत होती, आणि बी मात्र एक नाही. याही हंगामात मिळालं नाही तर बाग पपईवाल्यांना जाणार होती. मेले फीत घेऊन वाफे मोजूनसुद्धा गेले!

बाप म्हणून तिने निवडलेलं झाड म्हणजे जावईबापू. धिप्पाड. केळफूल दोन हातांत मावेना. "काय रुबाब आहे बघ!" म्हणायची. शेजारच्या किडमिड्या झाडालाही रोग शिवत नसे, पण त्याची फुलं इवलीशी, म्हणून त्याच्याकडे ती ढुंकूनही बघत नसे.

मला राहवेना. दोघांच्या मुळांची टोकं आणून मी गुणसूत्रं मोजली. किडमिड्या बावीस, जावईबापू तेहेतीस. मग दोघांचे परागकण लाल रंगात टाकले. जिवंत कण रंग पितात. किडमिड्याचे लालबुंद, टरटरीत. जावईबापूंचे फिके, सुरकुतलेले, एक भला मोठा तर एक चिमुकला.

"आत्या, याच्यात अकरा-अकराचे तीन संच आहेत. पराग बनताना दोन वाटे करायचे, तर तिसरा संच जाणार कुठे? सगळी ओढाताण. फूल फुगलंय नुसतं, आत आनंदीआनंद!"

"तुझं भिंगच बिघडलं असेल."

"मग तूच बघ ना, बाई!"

तिने बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. "आणि मी याचे लाड करत बसले गं," म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मलाही फार वाईट वाटलं. पण तिची समजूत काढायच्या आत ती डोळे पुसून किडमिड्याकडे निघालीसुद्धा.

आई-झाडांपैकी एकच अजून फुलायचं राहिलं होतं. त्याच्या प्रत्येक फुलाला आत्याने किडमिड्याचे पराग लावले. घड पिकला त्या दिवशी पपईवाले साहेब रोपं घेऊन दारात हजर. त्यांच्यादेखत आम्ही एकेक केळं कुस्करून चाळणीतून गाळलं. काही नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"जाऊ दे, खाऊन तरी टाकते," म्हणत आत्याने शेवटचं केळं तोंडात कोंबलं. कट्‌! गाल धरून ती मटकन खाली बसली. हातावर काढलं तर दाढेचा तुकडा आणि एक टणक, काळं बी.

"अगं, रक्त येतंय!" मी ओरडले.

आत्याने दाढेचा तुकडा साहेबांच्या हातावर ठेवला आणि बी मुठीत धरून रोपवाटिकेकडे धूम ठोकली.