सातव्या दिवशी उघडलेलं दार

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. इंग्लंडातल्या वेन्सबरी गावी, पाइप जोडायचे कोपरासारखे वाकडे एल्बो आणि तीन तोंडांचे टी ओतणाऱ्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं तापले. येत्या सोमवारी मला पाडणार आहेत. माझ्यात दोष आहे, असं कागदावर लिहिलं गेलं आहे. खरं काय घडलं ते तुम्हाला सांगते.

साच्यातून निघालेला एल्बो काचेसारखा ठिसूळ असतो. असे शेकडो एल्बो लोखंडी डब्यांत, तांबड्या खनिजाच्या भुकटीत पुरून माझ्या पोटात ठेवत. दार विटांनी बंद करून मातीने लिंपत. मग चार दिवस आग आणि पाच दिवस नुसतं निवणं. त्यानंतर तोच एल्बो घणाखाली चपटा होई, पण फुटत नसे. माझं सगळं काम त्या निवण्यात होतं.

रूबेन फेलोज माझी निगा राखी. माझ्या धुराड्याशी बटाटे भाजून खाई, मला ‘म्हातारे’ म्हणे. दार फोडण्याआधी तो त्यावर उघडा तळहात ठेवून प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणे. ‘आमेन’च्या आधी हात उचलावा लागला, तर त्या दिवशी दार उघडत नसे. त्याच्या बापानेही असंच केलं होतं.

साच्यात पोकळीसाठी बसवायचे वाळूचे गाभे करणारी केझाया त्याला चिडवी, “चॅपेलमध्ये घोरतोस आणि इथे प्रार्थना! देवाला भट्टीचा पत्ता दिलायस वाटतं?”

“चॅपेलात हात भाजत नाही ना, म्हणून झोप लागते,” रूबेन म्हणे.

जानेवारीत एका मोठ्या धुलाईघराची मागणी आली. तो माल माझ्यात ठेवून पेटवल्याच्या सातव्या दिवशी सकाळी व्यवस्थापक व्हिटलॉक माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“फेलोज, दार उघड. उद्या माल रेल्वेवर चढला पाहिजे.”

“साहेब, अजून दोन दिवस लागतील. हात ठेववत नाही.”

“मग हातमोजा घाल.”

रूबेनने माझ्याकडे पाहिलं. मग हातमोजा घातला आणि पहार मारली. प्रार्थना त्याने म्हटली नाही. बाहेरचा बर्फाळ वारा माझ्या लाल पोटात शिरला. एकही एल्बो त्याने घणाखाली ठेवून पाहिला नाही.

तीन आठवड्यांनी त्या धुलाईघरात वाफेच्या पाइपाचा एल्बो फुटला. दोन धोबिणी भाजल्या. एकीचा उजवा हात कायमचा गेला.

चौकशीला निरीक्षक आले. “दार कितव्या दिवशी उघडलं?” त्यांनी विचारलं. व्हिटलॉक रूबेनकडे बघत राहिले.

“नवव्या, साहेब,” रूबेन म्हणाला. “पण ही भट्टी म्हातारी झालीय. भिंतीला चिरा गेल्यात, आत वारा शिरतो.”

त्याने बोट ठेवलं ते लिंपणाच्या वाळलेल्या मातीवर. तिथे दर खेपेला बारीक भेगा पडतात. आतल्या विटा शाबूत होत्या. मागच्या हिवाळ्यात त्यानेच त्या नव्याने बसवल्या होत्या. निरीक्षकांनी वाकून पाहिलं आणि लिहून घेतलं.

ते गेल्यावर केझाया त्याच्याजवळ आली. “लाज नाही वाटली? त्या दिवशी मी इथेच होते, रूबेन.”

“मग बोलायचं होतंस त्यांच्यासमोर.”

ती हातांवरची वाळू झटकू लागली.

“मला चार पोरं आहेत, केझाया,” तो म्हणाला. “हिला काय आहे?”

मित्रांनो, निरीक्षकांचे शब्द मी सोसले. हे सोसवलं नाही.

आता माझ्या शेजारी नवी भट्टी उभी आहे. दोष जुन्या भट्टीचा होता असं ठरल्यामुळे घाईला कोणी हरकत घेत नाही. व्हिटलॉक साहेबांनी नव्या भट्टीला सहाच दिवस दिले आहेत. आज सकाळी रूबेनने तिचं दार फोडलं. माल एका इस्पितळाच्या बॉयलरसाठी चालला आहे. डबे माझ्यासमोरून जात होते, तेव्हा त्याने मान वर केली नाही.

म्हणून तुम्हाला एकच विनवणी करते. एखादी वस्तू बिघडली, तर ती जुनी होती असं म्हणून मोकळे होऊ नका. तिला कोणी घाई केली, ते आधी विचारा. मी सोमवारी पडेन, त्याचं काही नाही. पण ते एल्बो अजून गाडीत चढलेले नाहीत. कोणीतरी जा आणि त्यातला एक घणाखाली ठेवून बघा.