डोंगरराजाची काठी

स्टेइनच्या पदरात त्या दिवशी पडायची होती ती एक काठी. पण ती डोंगरराजाची, म्हणजे मेंढरं उतरवणाऱ्यांच्या म्होरक्याची. सप्टेंबरात सगळी दरी मेंढरं उतरवायला डोंगरावर चढते, तेव्हा कुणी कुठल्या घळीत जायचं हे काठीवाला सांगतो आणि भलेभले शेतकरी मुकाट ऐकतात. म्हातारा आस्मुंदुर यंदा गुडघ्यांपुढे हरला होता. आज मेंढरं निवडून झाली की तो काठी सोपवणार होता. आणि ती स्टेइनलाच मिळणार, हे स्टेइनची बायको हाल्ला महिनाभर कुणालाच न सांगता सगळ्यांना सांगत होती.

अडचण एकच, धाकटा भाऊ केतिल. गेल्या वर्षी उत्तरेच्या घळीत तो बाटलीला बिलगून झोपला. माणसांच्या रांगेला खिंडार पडलं आणि आस्मुंदुरच्या मेंढ्या निसटून पहिल्याच बर्फात गाडल्या गेल्या. केतिलने आपला सगळा कळप म्हाताऱ्याला देऊन टाकला. बाटलीही सोडली. पण दरीने त्याला सोडलं ते सोडलंच.

गोल दगडी मेंढवाड्यात प्रत्येक घराचा एक कप्पा. कानावरची खूण बघून जो तो आपलं मेंढरू ओढत आपल्या कप्प्यात नेतो. ज्याची मेंढरं नाहीत, तो नात्यातल्या कप्प्यात राबतो. घरच्यांनी आतून फाटक उघडलं, की माणूस दरीचा. केतिल दाढी करून, आईने विणलेला स्वेटर घालून स्टेइनच्या फाटकाशी उभा राहिला.

"स्टेइन, हा तुझ्याबरोबर का रे?" शेजारच्या कप्प्यातून गीस्लीने विचारलं.

"आला असेल आपला आपण."

झटकायच्या शब्दांचीही उतरंड असते; माणूस मऊ शब्दापासून सुरुवात करतो.

"म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा उत्तरेची घळ तुमच्याच घराकडे? मग अंथरूण पाठव सोबत."

लोक हसले. म्हातारा पलीकडे काठीवर रेलून ऐकत होता.

"आमचं त्याच्याशी काही देणंघेणं नाही," स्टेइन म्हणाला.

केतिल हळूच म्हणाला, "कडी काढ ना. लोक बघताहेत."

बघत होते, म्हणूनच स्टेइनने आवाज चढवला. "याला कुणीतरी बाजूला घ्या. हा आमच्यातला नव्हे."

केतिलने मान डोलावली. जणू त्याने वाट विचारली होती आणि कुणी नीट दाखवली.

आस्मुंदुर लंगडत आला. त्याने स्वतःच्या कप्प्याची कडी काढली. "ये रे पोरा. आत तुझीच मेंढरं आहेत, ती तरी तुला ओळखतील." मग स्टेइनकडे वळून म्हणाला, "मीच बोलावलं होतं त्याला. म्हटलं, आधी घरचं फाटक उघडू दे."

"मला वाटलं, तुम्हाला राग..."

"मेंढ्या माझ्या मेल्या होत्या, स्टेइन. तुझ्या नाही."

काठी संध्याकाळी स्टेइनलाच मिळाली. म्हाताऱ्याने शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द झटकायची त्याला सवय नव्हती. हाल्लाने टाळ्या वाजवल्या. दुसरं कुणी वाजवत नाही म्हटल्यावर थांबली. पलीकडे काम आटोपून गाणी म्हणणाऱ्यांत केतिल उभा होता. त्याच्या खांद्यावर गीस्लीचा हात होता.

हिशेब असा झाला. आस्मुंदुरच्या मेंढ्या गेल्या, केतिलचा कळप गेला. त्या घळीत ज्याचा लोकरीचा पुंजकाही हरवला नव्हता, तो काठी धरून उभा होता, आणि आजची भरपाई त्याच्याकडून कुणी मागतसुद्धा नव्हतं.