दोघांत एक बंदूक

वयाच्या पन्नाशीपर्यंत ताईंनी सुई, कात्री आणि फार तर भाजी चिरायची सुरी याखेरीज दुसरं हत्यार हातात धरलं नव्हतं. कोपऱ्यावर त्यांचं आल्टरेशनचं दुकान होतं. कुणाची पँट आखूड करायची असायची, कुणाचा कोट पोटावर सैल करायचा असायचा, आणि कुणाच्या पोटाबद्दल काय बोलायचं नाही हेही सांभाळायचं असायचं. त्यांचा नवरा मोटार चालवायला शिकवायचा. शेजारच्या सीटवर बसून, ब्रेकवर पाय ठेवून, दिवसभर शांत आवाजात बोलायचं हा त्याचा धंदा. आख्खी गल्ली त्याला सर म्हणायची आणि त्यांना ताई. दोघांना गल्लीने वेगवेगळी नाती वाटून दिली होती, पण तिकडे कुणी फारसं लक्ष देत नसे.

नेमबाजीचं खूळ घरात आलं ते सरांच्या एका विद्यार्थ्यामुळे. हे गृहस्थ नेमबाजी क्लबचे चिटणीस. गाडी मागे घेणं त्यांना काही केल्या जमेना. सरांनी ते जमवून दिलं, तेव्हा आनंदाच्या भरात चिटणिसांनी दोघांना रविवारी क्लबवर बोलावलं. दोघं भिडेखातर गेली. ताईंनी तिसऱ्याच छऱ्याला काळ्या वर्तुळाच्या मधोमध भोक पाडलं, तो कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि सरांनी ओळखलं की रविवारची झोप गेली.

क्लबच्या दोन एअर रायफली होत्या, दोन्ही स्प्रिंगच्या. नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग दबते, चाप ओढला की सुटते आणि हवेच्या झोतानं छर्रा जातो. यंत्र साधं, पण क्लबच्या दोन्ही रायफली वापरून वापरून पार थकलेल्या. एकीला कायम डावीकडे जायची खोड, आणि दुसरीचा छर्रा वाटेत विचार करत असावा इतका सावकाश पोचायचा. त्यात चिटणिसांनी महिनाअखेरीचा जोड्यांचा सामना जाहीर केला. दोघांनी मिळून एकच रायफल वापरायची, आळीपाळीने.

"आपली स्वतःची घेऊ या," सर म्हणाले.

"सोफ्यासाठी ठेवलेत त्यातून?"

"सोफ्यावर बसून कोण जिंकलंय?"

ताईंनाही तेच हवं होतं, म्हणून त्यांनी फारसा वाद घातला नाही. मात्र सोफ्याच्या पैशांत बसेल तेवढीच घ्यायची, एक छदामही वर नाही, असं त्यांनी बजावलं.

ही बातमी ताईंच्या धाकट्या भावाला कळली. धाकटा मोबाईलची कव्हरं विकायचा, आणि गिऱ्हाईक नसताना जगातल्या यच्चयावत विषयांवरचे व्हिडिओ बघायचा. त्याचा लगेच फोन आला.

"ताई, फक्त वेग बघ. ज्या रायफलीचा छर्रा सगळ्यात जोरात जातो ती डोळे मिटून घे. आणि दुर्बिणीशिवाय घेऊ नकोस. मी आणि ही पण येणार आहोत सामन्याला, मी तर घेतलीसुद्धा."

"तिला विचारलंस?" ताईंनी भावजयीबद्दल विचारलं.

"तिला सरप्राइज देणार आहे," धाकटा म्हणाला.

शनिवारी दोघं, धाकट्याने घेतली त्याच बंदुकांच्या दुकानात गेली. दुकान अरुंद पण खोल होतं. भिंतीवर रायफलींची रांग, काउंटरखाली छऱ्यांचे गोल डबे, आणि पार मागे एक लांबलचक बोळ. त्याच्या टोकाला कागदी निशाण लावलेलं, म्हणजे गिऱ्हाइकाने घेण्याआधी मारून बघावं. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या, साठीच्या मालकीणबाई स्टुलावर बसल्या होत्या. कुणी घाई केलेली त्यांना चालत नसावी असं त्यांच्याकडे बघून वाटायचं.

ताईंनी आधी भावाचा मान राखला. सगळ्यात जोरकस असलेली, काळी, वर दुर्बीण बसवलेली रायफल मागितली. मालकीणबाईंनी काढून दिली. ताईंनी नळी धरली आणि खाली ओढली. नळी अर्ध्यावर येऊन थांबली. त्यांनी दस्ता मांडीला टेकवून पुन्हा जोर लावला, टाचा उचलल्या गेल्या, आणि क्षणभर रायफल ताईंना वाकवते आहे की ताई रायफलीला, हे सांगता येईना. सर पुढे झाले.

"थांबा हो," मालकीणबाई म्हणाल्या. "सामन्यात दर छऱ्याला हेच करायचंय त्यांना. तुम्ही किती वेळा पुढे होणार?"

काळी रायफल परत भिंतीवर गेली.

एव्हाना सर एका रायफलीसमोर खिळले होते. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर तेलाची मंद चमक, गाल टेकवायला एका बाजूला गोलसर उंचवटा. गेल्या साली काढून ठेवलेला माल म्हणून किंमत उतरवली होती, आणि ती सोफ्याच्या पैशांत जेमतेम बसत होती. ताईंनी ती उचलली. नळी हसत हसत वाकली. त्यांनी बोळातल्या निशाणावर पाच छर्रे मारले, आणि पाची भोकं एका कोटाच्या बटणाखाली झाकतील इतकी जवळ पडली.

"आता तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि सरांनी रायफल डाव्या खांद्याला लावली.

सर डावखुरे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण दुकानात शिरताना दोघांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. गालाचा उंचवटा भलत्याच बाजूला राहिला. सरांची मान वाकडी झाली, हनुवटी पुढे आली, आणि पाच छर्रे पाच दिशांना गेले.

"झकास आहे," सर म्हणाले.

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कोट अंगात बसत नसतानाही 'झकास आहे' म्हणणारी माणसं त्यांच्या दुकानात रोज येत. बहुतेक बायकोबरोबर येत.

"तुम्हाला नाही बसत ती."

"बसेल. सवयीचा प्रश्न आहे."

"मान मोडेल सवय होईपर्यंत."

"अगं, पण तुझा नेम बघ किती छान लागतोय. घेऊ या."

"मला नाही आवडली," ताई म्हणाल्या. "लाकूड फार चकचकीत आहे."

"आत्ता हात फिरवत होतीस की त्यावरून."

"धूळ होती."

मालकीणबाई फडकं घेऊन मुळातच स्वच्छ असलेलं काउंटर पुसायला लागल्या. दोघं अर्धा-पाऊण मिनिट दबक्या आवाजात भांडली. भांडण मोठं विचित्र होतं, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या बाजूने बोलत होता. शेवटी सर म्हणाले, "मग राहू दे. सोफाच घेऊ," आणि त्यांचा चेहरा इतका पडला, की ताईंना आपण उगाच ताणलं असं वाटलं.

मालकीणबाईंनी फडकं बाजूला ठेवलं. "एक आहे आत. दिसायला काही खास नाही."

त्यांनी आतून एक साधी रायफल आणली. फिकट लाकूड, दस्त्यावर एक लांब ओरखडा. पण दस्ता दोन्ही बाजूंनी अगदी सारखा. कुठल्याही खांद्याला लावा, कुठलाही गाल टेकवा.

"एका गिऱ्हाइकाने दोन महिन्यांत परत दिली. म्हणे जोर कमी पडतो. कागदाला भोक पाडायला किती जोर लागतो, मला अजून कळलेलं नाही. स्प्रिंग मी स्वतः उघडून पाहिलीय."

ताईंना नळी सहज वाकवता आली. चाप थोडा जड होता. मालकीणबाईंनी बारीक पेचकसाने एक स्क्रू अंमळ फिरवला आणि तो मऊ झाला. ताईंची भोकं पुन्हा बटणाखाली मावली, कदाचित जरा मोठ्या बटणाखाली. मग सरांनी मारले. मान सरळ होती, गाल जागेवर होता, आणि तरीही छर्रे पसरले.

"अहो, आवळून धरताय तुम्ही," ताई म्हणाल्या. त्यांचं लक्ष सरांच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे होतं. "शिकणाऱ्यांना काय सांगता? घट्ट धरलं की गाडी जास्त हिसकते."

"स्टिअरिंगचं वेगळं."

"नाही वेगळं," मालकीणबाई म्हणाल्या. "स्प्रिंग सुटली की ही थोडी मागेपुढे उडी मारते. मारू द्यायची. पुढचा हात नुसता खाली आधाराला ठेवायचा, मूठ वळायची नाही."

सरांनी खांदे खाली सोडले, तळहात उघडला, आणि रोज दुसऱ्यांना सांगतात तसा एक लांब श्वास सोडला. पुढचे तीन छर्रे एकमेकांना चिकटून गेले. सरांनी निशाणाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणीतरी मारले होते.

ओरखड्यासकट रायफल बरीच स्वस्त पडली. उरलेल्या पैशांत दुर्बीण घ्यावी का, असं सरांनी विचारलं, तर मालकीणबाईंनी मान हलवली. "स्वस्तातली दुर्बीण हिच्या उड्यांनी खिळखिळी होते. नेम धरायची माशी आणि खाच चांगली आहे हिची. त्यापेक्षा चार जातींचे छर्रे न्या आणि हिला कुठले मानवतात ते बघा. प्रत्येकीची आवड वेगळी असते."

रायफलीला सगळ्यात स्वस्त डब्यातले मानवले. या एका गुणावर ताई तिच्या प्रेमात पडल्या.

सामन्याच्या दिवशी धाकटा आला तो खांद्यावर भलीमोठी पेटी घेऊन. आत अगदी तसलीच काळी, दुर्बिणीची रायफल. मागून भावजय चालत होती, सरप्राइज मिळालेल्या माणसाचा चेहरा घेऊन.

"भावोजी, ही कुठून उचलली?" धाकट्याने ओरखड्यावर बोट ठेवलं. "वेग किती हिचा?"

"पोचतो," सर म्हणाले.

पहिल्या फेरीत धाकट्याने ऐटीत नळी वाकवली. भावजयीची पाळी आली की तिचीही तोच वाकवून देई. दुसऱ्या फेरीपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला, दंड भरून आले. मग दुर्बीण सैल झाली आणि दर छऱ्याला थोडी थोडी कलत गेली. शेवटी शेवटी तर धाकट्याचे छर्रे शेजारच्या कागदावर पडायला लागले. शेजारचे गृहस्थ आधी बुचकळ्यात पडले, मग आपल्या कागदावर भोकं जास्तच दिसताहेत हे त्यांनी चिटणिसांना प्रामाणिकपणे सांगितलं.

ताई आणि सर चौथे आले. सरांचा एक छर्रा भरकटला नसता तर तिसरे आले असते. तो भरकटला, कारण आधीचा बरोब्बर मधे लागल्याच्या आनंदात त्यांनी रायफल पुन्हा आवळली होती. स्वतःच्या गुणपत्रकावरचा आकडा मात्र ताईंनी दोनदा वाचला. बायकांत तो सगळ्यात वरचा होता.

सामना संपल्यावर सगळे चहाकडे वळले. भावजय तिथेच रेंगाळली.

"ताई, एकदा तुमची बघू?"

ताईंनी रायफल तिच्या हातात दिली. भावजयीने नळी वाकवली, आणि ती आपल्यालाच वाकवता आली म्हणून जरा चमकून पाहिलं. छर्रा घातला, गाल टेकवला.

"घट्ट नको धरूस," सर मागून म्हणाले.

पहिला छर्रा कडेला गेला. दुसरा जवळ. पाचवा काळ्याच्या आत. पुढचा छर्रा भावजयीने न विचारताच डब्यातून उचलला. धाकटा चहाचा कप घेऊन आला आणि बघत उभा राहिला. चहाचा घोट घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

"ताई," तो शेवटी हळूच म्हणाला, "माझी परत घेतील का त्या दुकानात?"

"घेतील. त्या बाईंना परत आलेल्या आवडतात. मी येते तुझ्याबरोबर."

"कशाला? मी जातो की."

"तू जा, पण हिला घेऊन जा," ताई म्हणाल्या. "आणि नवी बघताना ती आधी हिच्या हातात द्यायची. तू गप्प बसायचं."

धाकट्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, आणि मिटलं. तिकडे भावजय पुन्हा नळी वाकवत होती, आणि सर तिच्याशेजारी उभे राहून, अगदी शांत आवाजात, श्वास कधी सोडायचा ते सांगत होते.