उजव्या पानावरचे शब्द

“आधी दुखरा हात,” असं स्वतःलाच बजावत शालिनीबाईंनी नवऱ्याचा उजवा हात शर्टाच्या बाहीत घातला, बाही कोपराच्या वर ओढून घेतली आणि मग मान पुढं करायची खूण केली. काकासाहेबांनी मान पुढं केली. घालताना आधी अधू हात, काढताना आधी धड हात. जूनमध्ये अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा इस्पितळातल्या नर्सनं शिकवलेला हा धडा. आता नोव्हेंबर निम्मा सरला होता. फौजेत बिगुल वाजल्यावर दोन मिनिटांत तयार होणाऱ्या सुभेदारांना शर्ट चढवायला अकरा मिनिटं लागत. शालिनीबाईंनी घड्याळ लावून पाहिलं होतं.

मोजायची त्यांना खोडच होती. पहिल्या आठवड्यात भेटायला एकेचाळीस माणसं आली आणि त्यांतल्या तेवीस जणांनी सफरचंदं आणली, हे त्यांना अजून पाठ होतं. दुसऱ्या महिन्यात नऊ जण आले. पलटणीतले जुने सोबती फोनवर “भाभीजी, कुछ भी काम हो तो बताना” म्हणायचे, आणि काम सांगितलं की त्यांच्याकडची रेंज जायची. दिवाळीनंतर नुसती जोडलेल्या हातांची चित्रं येत होती, रोज सकाळी, न चुकता. शालिनीबाईंचा कुणावर राग नव्हता. फक्त कुणाची माया किती खोल आणि कुणाचा शब्द किती लांब, हे त्यांना कळून चुकलं होतं.

“सोडा की बटण. मी लावते.”

काकासाहेबांनी डाव्या हातानं धरलेलं बटण सोडलं नाही.

“बरं, लावा तुम्हीच. माझं काय, मी बसते इथं दुपारपर्यंत.”

त्या खरंच पलंगाच्या कडेला टेकल्या. गुरुग्रामच्या त्या चौदाव्या मजल्यावरून एरवी समोरचे तीन टॉवर दिसत. आज धुरकटात एकच दिसत होता, तोही कमरेपर्यंत. कोपऱ्यात हवा शुद्ध करायचं यंत्र घरघरत होतं. मुलगा राजवीर आठलाच ऑफिसला गेला होता. सून अर्पिता बाहेरच्या खोलीत कानात इयरफोन घालून मीटिंगमध्ये होती, आणि शाळेला प्रदूषणाची सुट्टी म्हणून बारा वर्षांची इशिता घरभर फिरत होती. घरात माणसं होती. पण ठसका लागू नये म्हणून पाण्यात घट्ट करायची पावडर मिसळून ते चमच्यानं पाजायची वेळ आली, की प्रत्येकाला नेमका त्याच वेळी एखादा कॉल यायचा.

उशाशी एक डायरी होती, सोसायटीनं गेल्या नव्या वर्षाला वाटलेली. डाव्या पानावर शालिनीबाई रक्तदाब आणि साखर लिहीत. उजवं पान त्यांनी स्वतःच्या डोक्यानं सुरू केलं होतं. झटक्यानं काकासाहेबांची वाचा गेली होती. ती परत येऊ लागली तसा प्रत्येक नवा शब्द तारखेसह उजव्या पानावर चढत होता. जुलैच्या चार तारखेला “चहा”. नऊला “नाही”, आणि त्यानंतर आठवडाभर दुसरं काहीच नाही. मग “राजवीर”, “इशू”, “सावधान”. ऑगस्टात “वहिनी”. सप्टेंबरात एकदम सात शब्द, त्यांत एक शिवी, जी शालिनीबाईंनी फुल्या मारून लिहिली होती. तळमजल्याच्या गुप्ताजींच्या कुत्र्याचं नावसुद्धा आलं, दसऱ्याच्या दिवशी.

शहात्तर शब्द झाले होते. त्यांत शालिनीबाई नव्हत्या.

तसं त्रेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला नावानं हाक कुठं मारली होती? “अगं”, “ऐकलंस का”, आणि चारचौघांत “राजवीरची आई” एवढ्यावर भागलं होतं. त्याही त्यांचं नाव उखाण्यापलीकडं घेत नव्हत्या. पण आता “अगं”सुद्धा येत नव्हतं. काही हवं असलं की काकासाहेब डाव्या हातानं पलंगाच्या कठड्यावर टकटक करत, आणि त्या टकटकीला त्या उठत. महिन्यातून दोनदा येणारी नर्सही टकटकीलाच उठे.

इशितानं एकदा सरळ विचारलं होतं, “आजी, आजोबांना तू कोण आहेस ते माहितीये ना? मतलब, ते तुला नर्स तर समजत नाहीत ना?”

“समजू देत की. नर्सला निदान रविवारी सुट्टी असते.”

इशिता हसली होती. शालिनीबाईही हसल्या होत्या, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली होती. पाच महिने त्या ज्या माणसाला न्हाऊ-माखू घालत होत्या, त्याच्या लेखी आपण कोण, हा एक प्रश्न त्यांना डॉक्टरांना विचारता येत नव्हता. विचारला असता आणि उत्तर मिळालं असतं, तर?

त्यापेक्षा त्यांनी तिकीट काढायला सांगितलं. शनिवारची गोवा एक्सप्रेस, निजामुद्दीन ते कराड. भावाकडं महिनाभर राहायचं, दुसऱ्याच्या हातचं जेवायचं, आणि झोपायचं. अर्पिता चटकन “हो” म्हणाली, दिवसभराची अटेंडंटही ठरवली. तिच्या त्या चटकनपणाचंही शालिनीबाईंना वाईट वाटलं नाही. जो ओळखत नाही, त्याला आपण असलो काय आणि नसलो काय. त्यांनी बॅग भरून दाराशी ठेवली होती, अजून दोन दिवस अवकाश असताना. फौजेतल्या माणसाशी संसार केल्याचा एवढा गुण लागणारच.

अकराला स्वरूपा मॅडम आल्या. बोलायला शिकवणाऱ्या या बाई लखनौच्या, आवाज गोड, आणि चित्रांचे पत्ते भरलेली एक पिशवी कायम खांद्याला. आज त्या महिन्याची परीक्षा घेणार होत्या. हातात गुणांचा कागद होता.

“सूबेदार साहब, ये क्या है?”

“केळ.”

“वेरी गुड. और ये?”

“घड्... घड्याळ.”

मॅडमनी इशिताकडं पाहिलं. इशितानं मान डोलावली. “घड़ी. करेक्ट है.” मराठी शब्द बरोबर की चूक हे सांगायचं काम तिच्याकडं होतं, आणि खरं सांगायचं तर आजोबांबरोबर तीही ते नव्यानं शिकत होती. “अडकित्ता” आला तेव्हा तिनं बेधडक चूक दिला होता. शालिनीबाईंनी मागाहून तो दुरुस्त करून घेतला.

पत्ते संपले. मॅडमनी पाणी प्यायलं, कागद उलटला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या शालिनीबाईंना जवळ बोलावलं.

“आंटीजी, यहाँ आइए, सामने. साहब, अब बताइए, ये कौन हैं?”

शालिनीबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. हात पुसायचा नॅपकिन अजून खांद्यावर होता. तो त्यांनी काढला, घडी केली, पुन्हा उलगडला. मागच्या परीक्षेत या प्रश्नाला काकासाहेबांनी खिडकीकडं तोंड फिरवलं होतं. त्याच्या आधीच्या वेळी त्यांचा डोळा लागला होता.

“रहने दो मॅडम,” शालिनीबाई म्हणाल्या. “थक गये वो.”

“एक बार. साहब, नाम बताइए इनका.”

काकासाहेबांनी वर पाहिलं. बायकोकडं पाहिलं, मग तिच्या पलीकडं दाराशी ठेवलेल्या बॅगेकडं, मग पुन्हा बायकोकडं. वाकड्या ओठाची एक बाजू हलली. गळ्याची शीर ताठ झाली.

“स... सखू.”



“सखू?” मॅडमनी कागद पाहिला. “इनका नाम तो शालिनी है ना?”

“सखू म्हणजे मोठ्या काकू,” दारातून अर्पिता म्हणाली. मीटिंग संपवून ती केव्हा येऊन उभी राहिली कुणाला कळलं नाही. “सखुबाई. पप्पांच्या भाभी, गाँव में थीं. दो साल पहले एक्सपायर हो गईं.” मग आवाज उतरवून सासूकडं वळली. “आई, मनाला लावून घेऊ नका हं. जुनी माणसं आधी आठवतात, डॉक्टर म्हणालेच होते.”

“कोई बात नहीं, ऐसा होता है,” मॅडम म्हणाल्या आणि कागदावर एक बारीकशी फुली मारली. इशिता फुलीकडं बघत राहिली. आजीकडं बघायचं तिनं टाळलं.

 शालिनीबाईंनी मॅडमना चहा दिला, लिफ्टपर्यंत सोडलं, परत येऊन कप विसळले. अर्पितानं पुन्हा इयरफोन घातले. इशिता तिच्या खोलीत गेली. मग शालिनीबाई पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि डायरी उघडून मागं मागं जाऊ लागल्या.

ऑक्टोबर. सप्टेंबर. ऑगस्ट. एकोणीस ऑगस्ट, उजवं पान, त्यांच्याच अक्षरात: “वहिनी. (फोटोकडे बोट दाखवून.)”

फोटो समोरच होता. थोरले दीर आणि जाऊ दिल्ली बघायला आले होते, तेव्हा काकासाहेबांनी त्यांना हट्टानं पानिपतला काला अंबच्या स्मारकाला नेलं होतं. तिथल्या स्तंभापुढं डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली थोरली जाऊ. सखुबाई. ऑगस्टात त्या फोटोला काकासाहेब “वहिनी” म्हणाले होते. अर्थात. दुसरं काय म्हणणार? थोरल्या भावजयीचं नाव तोंडातून काढणारा हा माणूस नव्हे. त्या वारल्या तेव्हाही “वहिनी गेल्या” एवढंच म्हणाले होते. मेंदूची निम्मी दारं बंद झाली तरी रीतीचं दार कसं उघडं राहतं, ते त्यांनी पाच महिने पाहिलं होतं. झोपेतसुद्धा हा माणूस पाय कुणाकडं होत नाहीत ना हे बघायचा.

मग आज आली ती सखू कुठली?

शालिनीबाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला नाही.

आजीच्या नावावरून माहेरी त्यांचं नाव सखू ठेवलं होतं. पण सासरी एक सखुबाई आधीच नांदत होत्या. एका घरात दोन सखू कशा चालतील, म्हणून सासूबाईंनी लग्नात धाकटीचं नाव बदलायचं ठरवलं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली, आणि सुट्टीवर आलेल्या त्या पोरसवदा शिपायानं हुकूम झाला तसं “शालिनी” लिहिलं. तेव्हापासून कागदावर, कार्डावर, दाराच्या पाटीवर तेच. जुनं नाव घेणारे एकटे वडील राहिले होते. ते जाऊनही तीस वर्षं झाली. भाऊ “आक्का” म्हणतो. राजवीरला तर हे ठाऊकही नसावं.

आणि काकासाहेबांनी ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं होतं एकदाच. बघायला आले होते तेव्हा. पोह्यांची बशी घेताना मान खाली घालून त्यांनी विचारलं होतं, “नाव काय?” आणि ती म्हणाली होती, “सखू.” लग्नाआधी दोघांचं एवढंच काय ते बोलणं झालं होतं.

एवढ्या वर्षांत या माणसानं ते कुठं ठेवलं होतं?

टकटक झाली. शालिनीबाई सवयीनं उठू लागल्या, आणि बसल्या. पाणी तर आत्ताच पाजलं होतं. त्यांनी मान वर केली नाही. पुन्हा टकटक झाली. त्यांनी डायरीचं पान सारखं केलं, त्यावरून हात फिरवला आणि वाट पाहिली.

कठड्यावरचा हात थांबला. 

“सखू.”

“ओ,” शालिनीबाई म्हणाल्या.

आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. परसातून धावत येत दिलेली ओ असावी तसा तो निघाला. त्यांनी घसा साफ केला आणि नेहमीच्या स्वरात विचारलं, “काय हवंय?”

काकासाहेबांनी डावा हात उचलून दाराशी ठेवलेल्या बॅगेकडं बोट केलं. मग तेच बोट जमिनीकडं वळवलं. इथं.

“जाणार आहे मी,” शालिनीबाई म्हणाल्या. “तिकीट काढलंय. पाच महिन्यांत एक दिवस पाठ टेकली नाही मी. तुम्हाला सावधान-विश्राम दोन्ही असतं, मला नुसतं सावधान.”

काकासाहेबांच्या घशातून हसण्यासारखा काहीसा आवाज आला. मग त्यांनी भुवया वर केल्या. किती?

“महिना म्हणाले होते मी.” शालिनीबाईंनी पेनाचं टोपण काढलं. “पंधरा दिवस करते.”

काकासाहेबांनी डाव्या पंजाची पाचही बोटं पसरून त्यांच्यापुढं धरली.

“पाच? अहो, जायला-यायलाच तीन दिवस मोडतात. काही तरी लाज असू द्या.”

पंजा हलला नाही.

“दहा. त्याच्या खाली एक दिवस नाही. आणि त्या अटेंडंटला शिव्या द्यायच्या नाहीत.”

काकासाहेबांनी विचार केला. मग सावकाश मूठ मिटली, म्हणजे ठरलं.

शालिनीबाईंनी उजव्या पानावर तारीख घातली. तिच्यापुढं सत्त्याहत्तरावा शब्द लिहिला. कंस उघडून त्यात काय लिहावं याचा त्या थोडा वेळ विचार करत राहिल्या, आणि मग कंस रिकामाच ठेवून त्यांनी डायरी मिटली.